मुंबई ते लंडन: अंतर किती, वेळ किती, आणि जाता-येता वेगळा का?

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून लंडनला जाणारे विमान रात्री 2 वाजता सुटते आणि तिकिटानुसार सकाळी 6.30 ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पोहोचते. परतीचे विमान रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 ला मुंबईत उतरते. म्हणजे जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा तास? आणि अंतर कुठे 7,200 किलोमीटर लिहिलेले असते, कुठे 4,479 मैल, कुठे 3,892. यातले खरे काय?

तासांपासून सुरुवात करू, कारण तिथला घोळ लगेच सुटतो. विमानाच्या वेळापत्रकात सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावच्या. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. तिकडची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. प्रश्नातल्या वेळा हिवाळ्यातल्या धरल्या तर 6.30 मध्ये साडेपाच तास मिळवले की मुंबईचे दुपारचे 12 होतात. रात्री 2 ते दुपारी 12, म्हणजे दहा तास. परतीला लंडनचे रात्रीचे 9 म्हणजे आपल्याकडचे मध्यरात्रीनंतरचे अडीच. अडीच ते साडेअकरा, नऊ तास.

घड्याळाचा फरक माहीत नसला तरी सरासरी काढता येते. दोन्ही 'दिसणारे' कालावधी मिळवा आणि निम्मे करा. साडेचार आणि साडेचौदा मिळून एकोणीस, त्याचे निम्मे साडेनऊ. एका बाजूला जेवढे तास खोटे कमी झाले तेवढेच दुसऱ्या बाजूला खोटे वाढलेले असतात, त्यामुळे बेरजेत ते उडून जातात. जगातल्या कुठल्याही दोन शहरांना ही युक्ती लागू पडते. अट एवढीच की जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा घड्याळ बदलण्याच्या एकाच बाजूला हव्यात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन एप्रिलमध्ये परतणाऱ्याचा हिशेब अर्ध्या तासाने चुकेल.

आता अंतर. तिन्ही आकडे बरोबर आहेत, एकके वेगळी आहेत. 7,208 किलोमीटर, 4,479 साधे मैल आणि 3,892 सागरी मैल हे एकच अंतर. विमानवाले सागरी मैलातच बोलतात आणि त्याला ठोस कारण आहे. एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरच्या एका अंशाचा साठावा भाग, 1.852 किलोमीटर. दोन ठिकाणांमधला कोन अंशात मिळाला की त्याला 60 ने गुणायचे, सागरी मैल तयार. फ्रीक्वेंट फ्लायरचे, म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाच्या खात्यात बक्षीस म्हणून जमा करते ते मैल मात्र साधे, जमिनीवरचे असतात. तिथे 3,892 ची अपेक्षा धरली आणि खात्यात 4,479 दिसले तर चूक कोणाचीच नाही.

हा आकडा कुठून येतो ते एकदा हाताने करून पाहण्यासारखे आहे. मोबाइलवरचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो, फक्त तो अंशांवर ठेवा, रेडियनवर नको. नव्वद टक्के चुकीची उत्तरे तिथेच जन्माला येतात.

मुंबई विमानतळ: 19.09 अंश उत्तर, 72.87 अंश पूर्व. हीथ्रो: 51.47 अंश उत्तर, 0.46 अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची वजाबाकी नाही, बेरीज करायची: 73.33 अंश. इथे वजाबाकी करून 72.41 घेतले तर उत्तर साठेक किलोमीटरने कमी येते आणि चूक चटकन लक्षातही येत नाही.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: 0.3270 × 0.7823 = 0.2558.
दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: 0.9450 × 0.6229 = 0.5887.
या दुसऱ्याला रेखांशाच्या फरकाच्या कोसाइनने गुणायचे: 0.5887 × 0.2869 = 0.1689.
दोन्ही मिळवले: 0.4247.
ज्या कोनाचा कोसाइन 0.4247 आहे तो कोन: 64.87 अंश.
64.87 × 60 = 3,892 सागरी मैल. गुणिले 1.852, म्हणजे 7,208 किलोमीटर.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे वेगवेगळ्या संकेतस्थळांच्या आकड्यांत दहा-पंधरा किलोमीटरचा फरक पडतो. कोणी विमानतळापासून मोजतो, कोणी शहराच्या मध्यापासून, त्यामुळेही थोडा पडतो. हे फरक सोडून द्यावेत. विमान धावपट्टीच्या रांगेत उभे राहते तेवढ्या वेळात याहून कितीतरी जास्त अंतर कापून झाले असते.

हे अंतर बृहद्वृत्तावरचे असते, म्हणजे गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल त्या रेषेवरचे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ म्हणजे हा दोरा नव्हे. पट्टीच्या रेघेवर दिशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहते आणि मुंबई-लंडन अंतर 7,400 किलोमीटरच्या थोडे वर जाते, जवळजवळ 200 किलोमीटर जास्त. दोऱ्यावर दिशा सतत बदलते. मुंबईहून निघताना ती वायव्येची असते, 319 अंश (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले), आणि हीथ्रोला पोहोचताना जवळपास थेट पश्चिमेची, 270 अंश. उलट बाजूने पाहिले तर आणखी नवल वाटते. लंडन मुंबईच्या उत्तरेला बत्तीस अंश आहे, तरीही लंडनहून मुंबईला यायचा सर्वांत जवळचा रस्ता सुरू होतो तो सरळ पूर्वेला, दक्षिणेला जराही न कलता. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुलांना दोरा हातात देऊन हे करून दाखवा. शंभर आकृत्यांनी जे पटत नाही ते एका दोऱ्याने पटते.

त्या दोऱ्याखाली कोणती गावे येतात हे बघितले की सध्याच्या प्रवासाची अडचण समजते. मुंबई सोडल्यावर पहिले मोठे शहर कराची, रेषा जवळजवळ त्याच्या डोक्यावरून जाते. मग बलुचिस्तान, इराणमधले झाहेदान, तेहरानच्या पूर्वेकडचा भाग, कॅस्पियन समुद्राचा नैऋत्य कोपरा. बरोबर निम्म्या वाटेवर कॉकेशसचा डोंगराळ प्रदेश, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या थोडे दक्षिणेला. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, ड्रेस्डेनच्या आसपासचा जर्मनी आणि शेवटी इंग्लिश किनारा.

या यादीतले पहिले दार भारतीय विमानांना बंद आहे. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. भारतानेही आठवड्याभरात तेच केले. त्याआधी 2019 मध्ये 27 फेब्रुवारीपासून 16 जुलैपर्यंत अशीच बंदी होती. युक्रेनची हद्द फेब्रुवारी 2022 पासून सगळ्याच प्रवासी विमानांना बंद आहे. मधला इराण कधी उघडा असतो, कधी नसतो. जून 2025 मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण आणि इराक दोन्हींची आकाशे एकदम बंद झाली आणि वाटेत असलेली विमाने मागे वळवावी लागली किंवा भलत्याच विमानतळांवर उतरली.

म्हणून 7,208 हा आकडा भूगोलाचा आहे, प्रवासाचा नाही. त्या रेषेवरून मुंबईचे भारतीय विमान आज सुरुवातीपासूनच उडू शकत नाही.

मग ते जाते कसे? मुंबईला एक नैसर्गिक फायदा आहे: पश्चिमेला समुद्र मोकळा आहे. विमान अरबी समुद्रावरून मस्कतकडे जाते आणि तिथून, वाट उघडी असेल तर इराण किंवा आखात-इराकवरून तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा पश्चिम भाग, रोमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी. मुंबई-मस्कत 1,589 आणि मस्कत-लंडन 5,830, दोन्ही मिळून 7,419 किलोमीटर. प्रत्यक्ष हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंमधून नागमोडी जातात, ते धरून 7,500. म्हणजे कराची टाळण्याचा मुंबईला पडणारा भुर्दंड तीन-चार टक्क्यांचा. दिल्लीचे तसे नाही. दिल्ली-लंडन अंतर मुळात सुमारे 6,700 किलोमीटर, मुंबईपेक्षा 500 ने कमी. पण दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान, त्यामुळे तिथल्या विमानाला आधी नैऋत्येला उतरून गुजरातवरून समुद्र गाठावा लागतो. जवळचे शहर लांब पडते ते असे. नागपूरच्या किंवा खानदेशातल्या माणसाने 'दिल्लीहून लंडन जवळ' म्हणून तिकडून तिकीट काढण्याआधी दोन्हीकडचे सध्याचे तास पडताळून पाहावेत.

इराण आणि इराक दोन्ही बंद असले की तिसरी वाट उरते: ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, भूमध्य समुद्र, ग्रीस किंवा इटली. मुंबई-रियाध 2,769, रियाध-कैरो 1,611, कैरो-लंडन 3,530. बेरीज 7,910 आणि नागमोडी धरून 8,000 च्या वर. मस्कत-तुर्कस्तान वाटेपेक्षा साधारण 550 किलोमीटर जास्त, वेळेत चाळीस मिनिटे. शिवाय सगळीच विमाने त्या एका पट्ट्यात घुसतात, त्यामुळे हवी ती उंची मिळत नाही आणि निघण्यापूर्वी जमिनीवरच थांबावे लागते. जाता जाता आठवण: 8 जून 1948 ला एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण मुंबईहून लंडनला गेले ते कैरो आणि जिनिव्हा करतच. 'मलबार प्रिन्सेस' नावाचे ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान होते. तेव्हा इंधनासाठी थांबणे भाग होते, आता त्याच दिशेला न थांबता जावे लागते.

आता वेळेचा खरा हिशेब मांडू. बोइंग 787 किंवा 777 सारखे विमान ध्वनीच्या वेगाच्या 0.84-0.85 पट वेगाने जाते. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे 56 अंश तापमानात, हे 488 नॉट, म्हणजे ताशी 488 सागरी मैल होतात, ताशी 900 किलोमीटरच्या आसपास. हा हवेच्या तुलनेतला वेग. हवा स्वतः हलत असते, आणि मुंबई-लंडनच्या संपूर्ण वाटेवर ती मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. हिवाळ्यात 30 अंश उत्तरेच्या आसपास, आखात-इराण-उत्तर भारत या पट्ट्यावर जेट प्रवाह, म्हणजे फार उंचीवरचा वेगवान वाऱ्यांचा झोत, बसलेला असतो. त्याच्या गाभ्यात 100 नॉटच्या वर वारे ही नित्याची गोष्ट आहे. विमान त्याला काटकोनात किंवा तिरके छेदते, काही भागात समोरून घेते. सगळ्या वाटेची सरासरी काढली तर 40 नॉट समोरचा वारा हा हिवाळ्यासाठी वाजवी अंदाज.

7,500 किलोमीटर म्हणजे 4,050 सागरी मैल. जाताना जमिनीवरचा वेग 488 उणे 40, म्हणजे 448 नॉट. भागाकार केला की 9 तास 2 मिनिटे. चढताना आणि उतरताना विमान या वेगाने जात नाही. दहा हजार फुटांच्या खाली तर 250 नॉटची मर्यादा असते. त्याची तेरा-चौदा मिनिटे मिळवा, झाले सव्वानऊ तास. कॅप्टन उड्डाणानंतर जो वेळ सांगतो तो हा, हवेतला. तिकिटावरचा वेळ मात्र गेटपासून गेटपर्यंत मोजतात: चाकांच्या अडण्या काढून विमान हलले त्या मिनिटापासून पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंत. मुंबईत मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीची रांग याला 25 मिनिटे, हीथ्रोला गेटपर्यंत 10. ते झाले 9 तास 50 मिनिटे. लंडनच्या वर घिरट्यांची 10 धरली की दहा तास.

परतताना तोच वारा पाठीशी: 528 नॉट, 7 तास 40 मिनिटे. चढ-उतार धरून 7 तास 53. जमिनीवरची 35 मिनिटे मिळवून साडेआठच्या जरा आत, आणि मुंबईवर रांगेत थांबण्याची वीसेक मिनिटे धरून पावणेनऊ. कंपनी नऊ लिहिते. ही दहा-पंधरा मिनिटांची उशी ठेवलेलीच असते आणि ती असावी. तिच्यामुळे 'वेळेआधी पोहोचलो' असे वाटते आणि पुढचे विमान चुकत नाही.

वाऱ्याबाबत एक गोष्ट भल्याभल्यांची चुकते. जाताना लागलेला जादा वेळ येताना पुरता वसूल होतो, असे सगळे धरून चालतात. होत नाही. 4,000 सागरी मैल आणि 490 नॉटचे विमान घ्या. वारा नसेल तर 8 तास 10 मिनिटे. 50 नॉटचा वारा समोरून असेल तर 9 तास 5, पाठीशी असेल तर 7 तास 24. जाताना 55 मिनिटे गेली, येताना 46 च परत आली. कारण साधे आहे: समोरच्या वाऱ्यात विमान हळू जाते म्हणून त्या वाऱ्यात जास्त वेळ राहते, पाठीच्या वाऱ्यातून ते लवकर सुटते.

ऋतू बदलला की हे आकडे बदलतात. जून ते सप्टेंबर जेट प्रवाह उत्तरेला सरकतो आणि मवाळ होतो. उलट दक्षिण भारत आणि अरबी समुद्रावर फार उंचीवर पूर्वेकडून येणारे वारे सुरू होतात. म्हणून जुलैत मुंबई-मस्कत टप्प्यावर विमानाला चक्क थोडा पाठीचा वारा मिळू शकतो. जाण्या-येण्याच्या हवेतल्या वेळेतला फरक जानेवारीत दीड तासाच्या आसपास असतो, तो पावसाळ्यात बराच आटतो. पण पावसाळ्यात मुंबईत उतरण्याची रांग लांबते, त्यामुळे एकूण वेळेत वाचवलेले तिथे खर्च होते.

मुंबईच्या रांगेचे कारण जमिनीवर आहे. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच चालते. मुख्य धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून वापरली की तिचा क्रमांक 27, म्हणजे 270 अंशांची दिशा. लंडनला जाणारे विमान 27 वरून उडाले की दोन मिनिटांत समुद्रावर आणि आपल्या दिशेला. येताना मात्र ते पश्चिमेकडून येते आणि 27 वर उतरायचे तर शहर ओलांडून पूर्वेला जाऊन, वळून, पुन्हा पश्चिमेला तोंड करावे लागते. खिडकीतून समुद्र, मग शहर, मग डोंगर, आणि पुन्हा शहर दिसते ते यामुळे. यात दहा-बारा मिनिटे सहज जातात. हीथ्रोला बहुतेक दिवस पश्चिमेचाच वारा असल्यामुळे तिथेही 27 च वापरात असतात, आणि पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला लंडन शहरावरून सरळ उतरता येते. पण हीथ्रो जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालते. म्हणून विमाने चार ठरलेल्या ठिकाणी थरांवर थर लावून फिरवत ठेवतात: बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकहॅम आणि बिगिन. विमानांचा मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइट रडारवर तुमचे विमान लंडनच्या ईशान्येला लांबट वर्तुळे काढताना दिसले तर ते लँबर्नच्या थरात आहे. एक वर्तुळ साधारण चार-पाच मिनिटांचे. घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

वाटेची लांबी वाढली की इंधनाचा हिशेब बिघडतो आणि त्याचा फटका प्रवाशाला दिसत नाही तिथे बसतो. 787-9 ताशी पाच-साडेपाच टन इंधन जाळते. चाळीस मिनिटे वाढली की साडेतीन टन जास्त. ते उचलून न्यायलाही इंधन लागते. शिवाय नियमाने राखीव ठेवावे लागते ते वेगळे: प्रवासाच्या इंधनाच्या पाच टक्के अडीअडचणीसाठी, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके, आणि वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे. विमानाचे कमाल वजन ठरलेले असते. ते गाठले की आधी माल उतरतो आणि अगदीच वेळ आली तर काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. मेच्या उकाड्यात दुपारी हे जास्त जाणवते, कारण गरम हवेत उचल कमी मिळते. लांबची विमाने रात्री सुटण्यामागे हे एक कारण आहे. दुसरे म्हणजे हीथ्रोला रात्री 11.30 ते पहाटे 6 पर्यंत उड्डाणांवर कडक मर्यादा आहेत, त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेवरून सुटण्याची वेळ ठरते. पाठीचा वारा जास्त मिळाला म्हणून विमान कितीही लवकर नेऊन चालत नाही.

थेट न जाता दुबईत बदलून गेले तर अंतर फार वाढेल अशी समजूत असते. मुंबई-दुबई 1,930 आणि दुबई-लंडन सुमारे 5,500, बेरीज 7,430. थेट विमान जी वाट घेते तीच जवळजवळ. वेळ जातो तो दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्यात आणि मधल्या थांब्यात. थांबा दोन तासांचा असेल तर एकूण साडेबारा-तेरा तास धरा. थांबा दीड तासाच्या खाली असेल आणि दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर नसतील तर तसे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले विमान अर्धा तास उशिरा आले की दुसरे गेले, आणि ते चुकल्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

तुमच्या तारखेचा खरा वेळ काढायचा असेल तर वेळापत्रकावर थांबू नका. विमानाचा मार्ग दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर तुमचा उड्डाण क्रमांक टाका आणि मागच्या सात-आठ दिवसांच्या नोंदी बघा. तिथे दिसणारी वेळ गेट सोडल्याची आहे की चाके उचलल्याची, हे आधी ओळखा. दोन्हींत पंचवीस मिनिटांचा फरक असतो. आठ दिवसांतला सर्वांत लांब वेळ घेऊन त्यावर पुढचे बेत आखा, सरासरीवर नको. आणि नोंदी त्याच ऋतूतल्या हव्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळाबरोबर विमान कंपन्यांचे पूर्ण वेळापत्रकही बदलते. विमानतळाचा कोडही पाहा: डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही प्रवासी विमाने उडू लागली आहेत. तिथला कोड एनएमआय, सांताक्रूझ-अंधेरीकडचा बीओएम. हवेत फरक शून्य, पण चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर दुसऱ्याकडे जायला भर रहदारीत दीड तासही कमी पडेल.

विमानात बसल्यावर समोरच्या पडद्यावर दिसणारा वेग जमिनीवरचा असतो. तो जाताना 820 आणि येताना 980 दिसला तर विमानाने वेग कमी-जास्त केलेला नाही, तो वारा आहे. पडद्यावर वाऱ्याचा आकडाही येत असेल तर तो वेगात मिळवून किंवा वजा करून पाहा, प्रत्येक वेळी 900 च्या आसपासच येईल.

लंडनला घ्यायला येणाऱ्यांना कोणती वेळ सांगावी? वेळापत्रकातली पोहोचण्याची वेळ गेटवरची आहे. भारतीय पासपोर्टवर तिथली स्वयंचलित फाटके वापरता येत नाहीत, अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते. सकाळी सात-आठच्या सुमारास आशियातली बरीच विमाने एकदम उतरतात. रांग, सामान आणि चालणे धरून गेटपासून बाहेर येईपर्यंत एक ते दीड तास सांगा. आई-बाबांसाठी व्हीलचेअर मागितली असेल तर ती मिळेपर्यंत थोडे थांबावे लागू शकते, पण रांगेत उभे राहण्याचा त्रास वाचतो. दहा तासांच्या प्रवासानंतर त्यांच्यासाठी ती मागावीच.

शेवटी ज्या 7,208 ला आपण बाजूला ठेवले तो आकडा एका ठिकाणी खरोखर कामाला येतो. उशिरासाठी भरपाईचा जो ब्रिटिश कायदा आहे त्यात अंतर बृहद्वृत्तावरचे धरतात, विमान प्रत्यक्षात किती उडाले ते नाही. 3,500 किलोमीटरच्या वरच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी 520 पौंड, तीन ते चार तास झाला तर 260. लंडनहून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला हा कायदा लागू होतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. हवाई हद्द अचानक बंद झाली किंवा वादळ आले तर पैसे मिळत नाहीत, पण जेवण आणि गरज पडली तर हॉटेल द्यावेच लागते. पोहोचण्याची वेळ मोजतात ती चाके टेकल्याची नव्हे, गेटवर दार उघडल्याची. तेव्हा उशीर झालाच तर दार उघडताना फोनमधल्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा आणि बोर्डिंग पास फेकू नका.